विसार देण्यापूर्वीं

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं घर बांधणारा गृहस्थ स्वतः विटा मोजून घेत असे, चुन्याच्या घाणीपाशीं उभा राहत असे आणि गवंड्याची मजुरी आपल्या हातानें देत असे. चूक झाली तर ती डोळ्यांसमोर होई. पैसा कमी पडला तर एक खण कमी करून काम थांबवितां येई. आजचा शहरवासी गृहस्थ घर बांधीत नाहीं. तो तें विकत घेतो, आणि पुष्कळदां तें उभें राहण्यापूर्वींच विकत घेतो. त्याच्या वांट्याला वीट येत नाहीं, कागद येतो. त्यामुळें घर घेणाऱ्याची परीक्षा आतां बांधकामाच्या जागेवर होत नाहीं. ती होते घरांतल्या जमाखर्चाच्या वहीपुढें.

मोठ्या शहरांतून रविवारीं एक प्रसंग नित्य घडतो. पतिपत्नी आणि बरोबर लहान मूल, असें एक कुटुंब सहज म्हणून नव्या इमारतींतील नमुन्याची सदनिका पाहावयास जातें. दिवाणखान्यांत गालिचा, भिंतीवर चित्रें, खिडकींत तुळशीची कुंडी, असें सर्व कांहीं मांडून ठेवलेलें असतें. विक्रेता अदबीनें चहा देतो आणि सांगतो कीं, आजचा भाव उद्यां राहणार नाहीं. एक लाखाचा विसार दिल्यास जागा राखून ठेवतां येईल. कुटुंब घरीं परततें तें विसार देऊनच. मग हिशेबाला आरंभ होतो. बँक किती देईल, उरलेले कोठून आणावयाचे, मुद्रांकाचा खर्च केवढा, हे प्रश्न त्या रात्रीं प्रथमच पुढें येतात. उत्तर प्रतिकूल आलें तरी माघार घेणें जड जातें, कारण विसाराबरोबर मनही अडकलेलें असतें.

सांगावयाचें सूत्र एवढेंच आहे. विसार देईपर्यंत घेणारा धनी असतो. दिल्यानंतर तो बांधला जातो. जें मोजावयाचें, विचारावयाचें आणि तपासावयाचें, तें सारें त्या रेषेच्या अलीकडे उरकलें पाहिजे.

पूर्वींच्या पिढीला ही घाई फारशी ठाऊक नव्हती, याला तसेंच कारण होतें. मुंबईस गांवदेवी येथें १९१५ सालीं रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था स्थापन झाली आणि मध्यमवर्गाला स्वतःच्या जागेचा सहकारी मार्ग दिसला. तरीही बहुसंख्य नोकरदार चाळींतील भाड्याच्या बिऱ्हाडांतच राहत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं जवळजवळ गोठलीं, त्यामुळें बिऱ्हाड सोडण्याची निकडही वाटत नसे. स्वतःचें घर घ्यावयाचें तें नोकरी संपतांना, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं आल्यावर. १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं केवळ गृहकर्जें देण्याच्या उद्देशानें एचडीएफसी ही संस्था मुंबईंत काढली. पुढें बँकाही या व्यवहारांत उतरल्या, आणि घर आयुष्याच्या उत्तरार्धांतून पूर्वार्धांत आलें. ही सोय मोठी आहे यांत संशय नाहीं. परंतु पूर्वीं घर हें बचतीचें शेवटचें फळ होतें. आतां तें कर्जाचें पहिलें पान झालें आहे. पंचवीस वर्षें पैसा साठवितांना जी शिस्त आपोआप अंगीं बाणत असे, ती आतां दोनतीन वर्षांत मुद्दाम बाणवून घ्यावी लागते.

हिशेब समजण्यासाठीं पुण्यांतील एक काल्पनिक कुटुंब घ्यावें. पतिपत्नी दोघेंही नोकरी करणारीं. सर्व कपात होऊन दोघांचे मिळून महिना ८० हजार रुपये हातीं येतात. राहत्या बिऱ्हाडाचें भाडें १६ हजार. बँकेंत ठेवींच्या रूपानें ८ लाख रुपये शिल्लक आहेत. महानगरपालिकेच्या हद्दींत बांधकाम चालू असलेली ५० लाखांची सदनिका त्यांच्या मनांत भरली आहे. प्रश्न असा कीं, या कुटुंबाची तयारी किती झाली आहे?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें ३० लाखांपर्यंतचें गृहकर्ज घराच्या किंमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतां येतें. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जास ७५ टक्के, अशी मर्यादा आहे. म्हणजे ५० लाखांच्या घरावर बँक फार तर ४० लाख देईल. उरलेले १० लाख कुटुंबाचे. पुष्कळ जण येथेंच बेरीज थांबवितात, आणि तेथेंच चुकतात. ही किंमत धरतांना बँक मुद्रांक शुल्क व नोंदणी फी तींत मिळवीत नाहीं. अपवाद फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांचा. पुण्यांत मुद्रांक शुल्क व त्यावरील अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख रुपये होतात. घर केवळ स्त्रीच्या नांवावर घेतल्यास महाराष्ट्रांत १ टक्का सवलत मिळते. पतिपत्नींच्या संयुक्त नांवावर ती मिळत नाहीं. शुल्क आकारतांना करारांतील किंमत आणि सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणें येणारी किंमत, यांपैकीं जी अधिक ती धरतात. नोंदणी फी १ टक्का, परंतु ३० हजारांच्या वर नाहीं. शिवाय बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीं घेतलेल्या घरावर वस्तु व सेवा कर आहे. १ एप्रिल २०१९ पासून त्याचा दर ५ टक्के आहे; ४५ लाखांपर्यंतच्या व ठराविक क्षेत्रफळाच्या आंतील घरास तो १ टक्का पडतो, आणि बांधकाम पूर्ण झाल्याचें प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरास मुळींच पडत नाहीं. या कुटुंबाला तो अडीच लाख पडेल.

आतां बेरीज करावी. दहा लाख, साडेतीन लाख, तीस हजार आणि अडीच लाख. एकूण १६ लाख ३० हजार. गृहसंस्थेची अनामत, देखभालीची आगाऊ वर्गणी, दिवे, पंखे, कपाटें आणि सामान हलविण्याची मजुरी यांत आणखी दीड लाख सहज जातात. दहा लाखांत घर होईल अशा समजुतीनें निघालेल्या कुटुंबाला जवळजवळ अठरा लाख लागणार, आणि हाताशीं आहेत आठ. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्यानें विकणाऱ्याच्या पैशांतून १ टक्का आयकर कापून सरकारांत भरावयाचा असतो. हा जादा खर्च नव्हे. पण विसरल्यास त्यावरील व्याज व दंड घेणाऱ्याच्या माथीं बसतो.

हातच्या पैशांचा प्रश्न कसाबसा सुटला असें मानलें, तरी पुढें हप्ता उभा आहे. ४० लाखांचें कर्ज, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षें, असें धरलें तर मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यांत व्याज असतें २८,३३३ रुपये. मुद्दल फिटतें अवघें ६,३८०. वीस वर्षांत एकूण ८३ लाख ३१ हजार भरावे लागतात, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक होतें. तेंच कर्ज १५ वर्षांत फेडावयाचें ठरविलें तर हप्ता ३९,३९० होतो. महिन्याला पावणेपांच हजारांहून कमी रक्कम अधिक भरून एकूण व्याजांत १२ लाखांहून अधिक वांचतात. मुदत लांबविली कीं हप्ता लहान दिसतो, पण तो सरळ मार्गानें लहान झालेला नसतो.

व्याजाचा दर स्थिर राहील असेंही धरून चालतां येत नाहीं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या दरांच्या गृहकर्जांचें व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या बाह्य मापाशीं जोडलेलें असतें. तो दर वर गेला कीं कर्जाचाही दर वर जातो. वरील कर्जाचा दर आरंभींच एका टक्क्यानें वाढला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर २४० महिन्यांचें कर्ज सुमारे ३०९ महिने चालतें. घरीं येणाऱ्या कागदावर हप्ता तोच दिसतो. लांबलेलीं पावणेसहा वर्षें मात्र त्यांत एकदम डोळ्यांत भरत नाहींत. याच्या उलट एक गोष्ट कर्जदाराच्या हिताची आहे. बदलत्या दराचें गृहकर्ज व्यक्तीनें मुदतीपूर्वीं फेडल्यास बँकेला त्याबद्दल दंड घेतां येत नाहीं. म्हणून वर्षाकांठीं मिळणारा बोनस मुद्दलांत भरण्याची संवय पहिल्या वर्षापासून लावावी, कारण आरंभीं भरलेला रुपया सर्वांत अधिक व्याज वांचवितो.

बँक ४० लाख देण्यास तयार आहे, एवढ्यावरून कुटुंबाला ते झेपतील असें ठरत नाहीं. बँकेचा हिशेब बँकेच्या सुरक्षिततेचा असतो. तिला पगाराचा दाखला दिसतो. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, मुलाची शाळा, धाकट्या नणंदेचें लग्न हीं तिच्या वहींत नसतात. हप्ता हातीं येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण तृतीयांशांत असावा, हा जुना व्यवहारी दंडक अजूनही उपयोगी आहे. या कुटुंबाच्या बाबतींत तो २६-२७ हजार होतो. ३४,७१३ चा हप्ता त्याच्या फार पुढें जातो. दोघांच्या पगारांवर बेतलेला हप्ता एकाचा पगार थांबल्यास काय होईल, हाही प्रश्न कागदावर लिहून त्याचें उत्तर द्यावें. बाळंतपण, आजारपण किंवा नोकरींतील खंड यांपैकीं एखादी गोष्ट वीस वर्षांत घडणारच नाहीं असें कोण म्हणेल?

याचा निवाडा करण्याची एक साधी युक्ति आहे. नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वीं रंगीत तालीम होते. तशी हप्त्याचीही तालीम करावी. नव्या घराचा हप्ता ३४,७१३ आणि गृहसंस्थेची मासिक वर्गणी ३,५०० धरली, तर महिन्याला ३८,२१३ रुपये जाणार. आज भाडें १६ हजार जातें. उरलेले २२,२१३ रुपये पगार झाल्याच्या दिवशींच बँकेच्या आवर्ती ठेवींत टाकावे आणि बाकीच्या पैशांत घर चालवावें. असें पूर्ण एक वर्ष करावें. कारण गणपति, दिवाळी, शाळेची फी आणि विम्याचा हप्ता हे सर्व एका वर्षाच्या फेऱ्यांतच येऊन जातात. तीन महिने निभावलें तर तालीम झाली असें समजूं नये. एखाद्या महिन्यांत ठेव मोडावी लागली, तर त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. जें कळावयाचें तें वेळीं कळलें, आणि तेंही व्याज न भरतां.

समजा, या कुटुंबाला चौथ्या महिन्यांत तालीम झेपेनाशी झाली. मग त्यानें घराचा नाद सोडावा काय? तसें मुळींच नाहीं. त्यानें आंकडा बदलावा. थोडी दूरची किंवा थोडी लहान, पण बांधून पूर्ण झालेली अथवा दुसऱ्याकडून घ्यावयाची ४० लाखांची सदनिका धरली, तर कर्ज ३२ लाख आणि हप्ता सुमारे २७,७७० होतो. हातचे ८ लाख, मुद्रांकाचे २ लाख ८० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, असे ११ लाख १० हजार लागतात. वस्तु व सेवा कर पडत नाहीं. वर्गणीसह महिन्याचा भार ३१,२७० झाला, म्हणजे तालमींत बाजूला टाकावयाची रक्कम १५,२७० उरली. पन्नास आणि चाळीस यांत फरक दहा लाखांचा दिसतो; पण दर महिन्याच्या श्वासोच्छ्वासांत तो सात हजारांचा असतो, आणि हातच्या पैशांत पांच लाखांहून अधिक.

घर घेतल्यानंतर घरांत कांहीं उरलें पाहिजे, ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. शेवटचा रुपया निबंधकाच्या कचेरींत टाकून नव्या घरांत प्रवेश करणारें कुटुंब पहिल्या आजारपणांतच उसनवारीला लागतें. सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा महिन्यांचा हप्ता, एवढी शिल्लक वेगळी असावी. या कुटुंबाचा घरखर्च ४० हजार धरला तर ही रक्कम चार लाखांहून थोडी अधिक होते. म्हणजे एकूण गरज सतरा लाखांच्या आसपास झाली. आजचे ८ लाख मुदत ठेवींत आणि महिना १५,२७० आवर्ती ठेवींत ठेवले, तर साडेसहा टक्के व्याजानें तीन वर्षांत, व्याजावरील कर वजा जातां, पंधरा लाखांच्या थोडें वर जमा होतात. उरलेली तूट वार्षिक पगारवाढींतून भरून काढतां येते. तीन वर्षें ही मुदत मोठी वाटते. वीस वर्षांच्या हप्त्यापुढें ती मोठी नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, तीन वर्षांत भाव वाढले तर? वाढूं शकतात. त्या वेळीं घर थोडें लहान किंवा थोडें लांब घ्यावें लागेल. परंतु या तीन वर्षांत पगारही कांहीं वाढतो, आणि मुख्य म्हणजे हप्ता भरण्याचा सराव झालेला असतो. भाव वाढण्याच्या भीतीनें तयारीवांचून घेतलेलें घर पुढें अडचणींत विकावें लागलें, तर गरजू विक्रेत्याला पुरा भाव मिळत नाहीं. हे तीन वर्षांचे पैसे मात्र शेअर बाजारांत घालूं नयेत. ज्या रकमेचा दिवस ठरलेला आहे ती चढउतारांत टाकावयाची नसते. बँकेंतील ठेवींना दर ठेवीदारामागें, दर बँकेमागें ५ लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पांच लाख करण्यांत आली. म्हणून मोठी रक्कम एकाच बँकेंत न ठेवतां दोनतीन बँकांत वांटावी.

याच काळांत आपली पतही पाहून ठेवावी. कर्ज मागणाऱ्याचा ३०० ते ९०० या मापांतील पतगुणांक, ज्याला व्यवहारांत सिबिल स्कोअर म्हणतात, बँक प्रथम पाहते. पतमाहिती देणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षांतून एकदां आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यांत फेडलेलें कर्ज चुकून थकलेलें दाखविलें असेल तर तें दुरुस्त करून घेण्यास वेळ लागतो. म्हणून हें काम अर्जाच्या आधीं वर्षभर करावें. त्या वर्षांत हप्त्यांवर मोटार, दूरचित्रवाणी संच किंवा महागडा मोबाइल घेऊं नये. करांत सूट मिळते म्हणून कर्ज मोठें घ्यावें, हा सल्लाही तपासून पाहावा. आयकराच्या नव्या पद्धतींत स्वतः राहावयाच्या घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाहीं.

पैशानंतर कागद. नव्या बांधकामासंबंधीं २०१६ चा स्थावर संपदा कायदा घेणाऱ्याच्या बाजूनें उभा आहे. महाराष्ट्रांत त्याचें प्राधिकरण, म्हणजे महारेरा, २०१७ पासून काम करीत आहे. ५०० चौरस मीटरांहून अधिक जमिनीवरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची तेथें नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरात किंवा विक्री करतां येत नाहीं. नोंदणीक्रमांक मागून घ्यावा आणि महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा, जमिनीवरील बोजा, चालू दावे आणि पूर्ण होण्याची तारीख हीं स्वतः वाचावीं. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकीं ७० टक्के वेगळ्या खात्यांत ठेवून ते जमीन व बांधकाम यांवरच खर्चण्याचें बंधन विकासकावर आहे. किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम करारनामा करून नोंदविल्याशिवाय त्याला घेतां येत नाहीं. कबूल मुदतींत ताबा न मिळाल्यास पैसे व्याजासह परत मागतां येतात, किंवा ताबा मिळेपर्यंतचें व्याज मागतां येतें. ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांत बांधकामांत मूळचा दोष आढळल्यास विकासकानें तो स्वखर्चानें दुरुस्त करावयाचा असतो.

सर्वांत उपयुक्त नियम मापाचा आहे. विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे सदनिकेच्या आंतील प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रावर व्हावी, असा कायद्याचा दंडक आहे. त्यांत आंतील आडभिंती मोजल्या जातात. बाहेरच्या भिंती, सज्जा, जिना व उद्वाहक मोजले जात नाहींत. विक्रेत्यानें कोणतेंही मोठें माप सांगितलें तरी एकूण किंमतीला चटई क्षेत्रानें भागून दर काढावा, आणि मगच दोन घरांची तुलना करावी. मोजण्याची फीत खिशांत असावी.

बांधकाम चालू असलेल्या घराचें आणखी एक दुखणें आहे. बँक कर्ज टप्प्याटप्प्यानें देते आणि दिलेल्या रकमेवर व्याज लागलीच सुरू होतें. २० लाख दिले गेले कीं साडेआठ टक्क्यांनीं महिना १४,१६७ रुपये व्याज द्यावें लागतें, आणि बिऱ्हाडाचें भाडें चालूच असतें. ताबा एक वर्ष लांबला तर हा दुहेरी भार एक वर्ष वाढतो. व्याज मिळण्याचा हक्क कायद्यांत आहे हें खरें; पण हक्काचा पैसा हातीं येईपर्यंत घरभाडें थांबत नाहीं. तेवढी तरतूद नसेल तर तयार घर घेणें श्रेयस्कर.

जुन्या इमारतींतील सदनिका घेतांना पाहावयाचे कागद वेगळे असतात. विकणाऱ्याच्या नांवापर्यंत आलेली सर्व नोंदलेल्या करारांची साखळी, प्रत्येक कराराची सूची क्रमांक २, गृहसंस्थेचें भागप्रमाणपत्र, संस्थेची बाकी नसल्याचा दाखला, महानगरपालिकेची करपावती आणि भोगवटा प्रमाणपत्र हीं पाहावींत. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतींत लोक वर्षानुवर्षें राहत असतात, म्हणून तें लागत नाहीं असें नव्हे. इमारतीखालची जमीन संस्थेच्या नांवावर झाली आहे काय, म्हणजे अभिहस्तांतरण झालें आहे काय, हें सातबारा उताऱ्यावरून किंवा मिळकत पत्रिकेवरून कळतें. तें झालें नसेल तर इमारत जीर्ण झाल्यावर पुनर्बांधणीच्या वेळीं अडचण उभी राहते. २००८ सालीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीमुळें संस्थेला मानीव अभिहस्तांतरण मागतां येतें. संस्थेनें त्याचा अर्ज केला आहे काय, हें चिटणिसांना विचारावें. जमिनीच्या मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून करून घ्यावा. बँकेचा वकील बँकेसाठीं पाहतो आणि विक्रेत्याचा विक्रेत्यासाठीं. घेणाऱ्याच्या वतीनें पाहणारा कोणी एक असलाच पाहिजे. कर्जासाठीं मूळ कागद बँकेंत ठेवतांना त्यांची यादी सहीनिशीं घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत ते परत देण्याचें बंधन १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेकडून विलंब झाल्यास दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते.

कागद निर्दोष असले तरी घर पायांनीं पाहिल्याशिवाय घेऊं नये. एकदां सकाळीं कचेरीच्या वेळेस तेथून निघून प्रवासाला किती वेळ लागतो तें पाहावें. एकदां रात्रीं जाऊन रस्त्यावरचे दिवे पाहावे. आणि जमल्यास एकदां भर पावसांत जाऊन छताचे कोपरे व पश्चिमेकडची भिंत पाहावी. ओल रंगाखालीं लपते, पावसांत लपत नाहीं. पाणी किती वेळ येतें आणि टँकर महिन्याला किती लागतात, हें विक्रेत्याला न विचारतां रखवालदाराला आणि वरच्या मजल्यावरील गृहिणीला विचारावें. टँकरचा खर्च संस्थेच्या वर्गणींतच येतो, आणि ३,५०० ची वर्गणी उन्हाळ्यांत कोठें जाते तें तेथेंच कळतें.

शेवटची गोष्ट नाजूक आहे. हातचे पैसे कमी पडले कीं दृष्टि वडिलांच्या निवृत्तीच्या ठेवींकडे आणि आईच्या पाटल्यांकडे जाते. आईवडील नाहीं म्हणत नाहींत. मुलाचें घर होत असतांना कोण नाहीं म्हणेल? परंतु सत्तरीनंतरचें औषधपाणी त्या ठेवींच्या व्याजावर चालत असतें, आणि मुलाच्या पगारांतून हप्ता गेल्यावर तें भरून काढावयास कांहीं उरलेलें नसतें. त्यांनीं आपण होऊन कांहीं दिलें तर आदरानें घ्यावें. पण तें किती द्यावयाचें हें त्यांच्या पुढील वीस वर्षांचा खर्च मांडून त्यांनींच ठरवावें. तसेंच कमावत्या व्यक्तीच्या माघारीं कर्ज फेडलें जाईल एवढ्या रकमेचा मुदतीचा विमा पहिल्या हप्त्याच्या आधीं उतरवावा. घर कुटुंबासाठीं घेतलें जातें. त्याचें ओझें विधवेवर किंवा वृद्धांवर टाकून तें घर राहत नाहीं.

एवढी तयारी झालेलें कुटुंब रविवारीं पुन्हा जागा पाहावयास जाईल तेव्हां गालिचा आणि तुळशीची कुंडी तेथेंच असतील, आणि विक्रेताही तेंच सांगेल कीं आजचा भाव उद्यां राहणार नाहीं. गृहस्थ खोल्या फीतीनें मोजून घेईल, गृहिणी वहींत आंकडे लिहील, आणि दोघेंही अदबीनें म्हणतील, “कागदांच्या प्रति द्या, वकिलांना दाखवून पुढच्या आठवड्यांत कळवूं.” चहा घेऊन तीं घरीं परततील. जागा गेली तर दुसरी मिळेल. तीन वर्षें साठविलेली पुंजी, वर्षभर केलेली तालीम आणि नकार देण्याचें स्वातंत्र्य हीं तिघेंही त्यांच्याबरोबर घरीं आलेलीं असतील. आणि अशा कुटुंबानें पुढें कधीं दिलेला विसार त्याला रात्रीं झोंप येऊं देईल.